अकरा नंबरची नाव

७ मे, गुरुवार

आजपासून रागावणार नाही. कायमचं.

ताईचा फोन आला. रविवारी ती, दाजी, आण्णा आणि 'तिकडची' असे चौघं तळ्याकाठच्या गावाला दिवसभर जाणार आहेत, येतोस का म्हणाली. मी म्हणालो, बघतो, सध्या फार बिझी आहे. तीन सेकंदांनी म्हणालो, येतो.

'तिकडची' म्हणजे ताईची नणंद. वहीत नाव लिहिणार नाही. वही कोणाच्या हाती लागली तर उगाच तिची बदनामी. मागे एकदा लिहिलं होतं ते आज खोडलं. एकशे चाळीस ठिकाणी.

सोमवारी सकाळच्या गाडीने ती नोकरीच्या ट्रेनिंगला जाते आहे. दोन वर्षं. परतीची बस रविवारी संध्याकाळी सहाला. म्हणजे सहाच्या आत तिला मनातलं सांगायचं. नाहीतर विषय संपला.

ताईची एकच अट. आण्णांसमोर कॉलेजचं काही बोलायचं नाही. आण्णा म्हणजे ताईचे सासरे, तिकडचीचे वडील, रिटायर्ड हेडमास्तर. मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं हे त्या घरात एकट्या दाजींना माहीत आहे. आण्णांना कळलं तर मला सासरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही, गधड्या, असं ताई म्हणाली.

'सोडलं' हा शब्दच मला पटत नाही. मी ड्रॉइंगच्या सरांना एक तत्त्व समजावत होतो. त्या ओघात ड्रॉइंगची लांब पट्टी, टी-स्क्वेअर, खिडकीतून बाहेर गेली. मागोमाग मी गेलो. दारातून.

९ मे, शनिवार

तयारी पूर्ण. ताईच्या लग्नात मी तिकडचीला सांगितलं होतं की मी उत्तम पोहतो. तेव्हा ते अजून खरं व्हायचं होतं. तीन दिवस व्हिडिओ बघतोय. थिअरी पक्की झाली आहे. दुपारी गादीवर पालथा पडून हातपाय मारले. आईने विचारलं, पोटात कळ आली का रे?

मनातलं बोलायचं भाषण आरशासमोर चार मिनिटं झालं. कापून साडेपाचवर आणलं.

राग : शून्य. (इस्त्रीवाल्यावर ओरडलो, पण तो रागाचा नाही, कॉलरचा प्रश्न होता.)

१० मे, रविवार, सकाळी ८.२०, बसमध्ये

ती खिडकीशी. तिच्या शेजारी ताई. माझ्या शेजारी आण्णा. काय लिहितोस म्हणाले. नोट्स, म्हणालो. आण्णा एकदम खूश. मागे वळून ताईला म्हणाले, बघ सूनबाई, सुट्टीतसुद्धा अभ्यास. ताईने मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. अजून लाल आहे.

सकाळी १०.१५

पोहोचलो. गाव म्हणजे एकच उतरता रस्ता. दोन्ही बाजूंना टोप्या, चटया, हवा भरायच्या रिंगा. खाली वाळू, मग तळं. पलीकडचा काठ धुरकट रेघेसारखा. कपडे बदलायच्या रंगीत खोल्यांची रांग, लाकडी धक्का, टोकाला बुटका दीपस्तंभ.

तिने पाणी बघितलं आणि म्हणाली, चल, पाण्यात बांधलेल्या त्या दोरीपर्यंत पोहून येऊ. मी म्हणालो, खाल्ल्यावर लगेच पोहू नये. ती म्हणाली, आपण काही खाल्लेलं नाही. मी म्हणालो, म्हणूनच तर आधी खाऊ.

प्लॅन ए : दीपस्तंभ. वरती वारा, एकांत, दृश्य. सगळं सोयीचं.

सकाळी ११.५०, दीपस्तंभाच्या मागे

एकशे अठरा पायऱ्या. ती पुढे, मी मागे. ऐंशीव्या पायरीला भाषणाची सुरुवात आठवेना. शंभराव्या पायरीला माझं नाव आठवेना. वर पोहोचलो तेव्हा बोलायचं सोडून फक्त श्वास येत होता. तिने पाण्याची बाटली दिली. तेवढ्यात ताईला घेऊन आण्णा आले. आण्णांना दमही लागला नव्हता. त्यांनी चारी दिशांचा भूगोल शिकवला.

पहारेकरी म्हणाला, एका वेळी चारच माणसं, उतरा आता. मी त्याला मोजून दाखवलं की आम्ही चारच आहोत. आवाज थोडा चढला. तो म्हणाला, दादा, तुमच्याकडे बघून मी पाच धरले.

हा टोमणा मी पोटात ठेवला. संयम वाढतोय.

दुपारी १.३०, खोली नंबर सहा

सँडविच खाल्ली. आता ती म्हणते, खाल्लंस ना, तासाभराने पोहू. घड्याळाकडे बघून म्हणाली. मोजते आहे.

प्लॅन बी : पायडलची नाव. दोघांची. तळ्याच्या मधोमध, म्हणजे कोणी ऐकायला नाही आणि पोहायचाही प्रश्न नाही. हे आधीच सुचायला हवं होतं.

इथल्या नाववाल्याची एक गंमत. वेळ संपली की दूरवरच्या नावेला तो नुसतं म्हणतो, सात, या आता. भोंगा नाही, शिट्टी नाही, ओरडणं नाही. आणि सात येते. छाती दणकट असणार माणसाची.

दुपारी २.१०, धक्क्यावर, रांगेत

अन्याय! नाववाला माणसं नात्याने बसवत नाही, वजनाने बसवतो. शेजारी शेजारी सारख्या वजनाची, म्हणजे नाव कलत नाही. त्याने आमच्याकडे एकदा नजर टाकली. दाजी सामानापाशी थांबलेले. ताई आणि तिकडची, नऊ नंबर. आण्णा आणि मी, अकरा नंबर.

आण्णा ब्याण्णव किलो आहेत! मी म्हणालो, माझं वजन स्नायूंचं आहे. नाववाला म्हणाला, तळ्याला ते कळत नाही. मी म्हणालो, मॅनेजरला बोलवा. तो म्हणाला, मीच. रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, बस बाबा एकदाचा, ऊन डोक्यावर आलं.

आण्णांनी कानाचं मशीन काढून चष्म्याच्या डबीत ठेवलं, डबी ताईच्या पर्समध्ये दिली. पाण्याला घाबरत असावेत. मी अजिबात नाही. लाइफ जॅकेट दोन मागितली ती केवळ खबरदारी.

दुपारी ३.२०, खोली नंबर सहा, कडी लावून

इतिहास घडला.

मधोमध पोहोचलो. वारा पूर्ण पडलेला. पाणी काचेसारखं. नऊ नंबर कधीच परत लागली होती, त्या दोघी धक्क्यावर पाय सोडून बसलेल्या, ठिपक्यांएवढ्या. पायडल मारता मारता माझे पाय मधेच थांबत होते. तीन तास उरलेत. ती हाती लागेना, पण तिचे वडील इथेच, पळून जायला जागा नसलेले. मग विचार आला, यांनाच का विचारू नये?

बोललो. अख्खं. मोठ्या आवाजात, कारण हळू बोललो असतो तर बोलवलंच नसतं. टी-स्क्वेअरपासून सुरुवात केली. आण्णा, मी कॉलेज सोडलंय, म्हणालो. त्यांनी मान डोलावली. आण्णा, मला पोहता येत नाही, कधीच येत नव्हतं. मान डोलावली. आण्णा, मला तुमची मुलगी फार आवडते, ताईच्या लग्नात ती पंक्तीत वाढत होती तेव्हापासून, मी मिळेल ते काम करीन, राग सोडीन, दोन वर्षं थांबीन. आण्णा एका पांढऱ्या पक्ष्याकडे बघत राहिले. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, वा! पाय थांबवू नकोस.

एवढा मोठा माणूस! एक शब्द जास्तीचा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग काठावरून नाववाला म्हणाला, अकरा, या आता. या वेळी त्याचा आवाज का कोण जाणे, जरा हळवा वाटला.

धक्क्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लाजली असणार. ताई कपाळाला हात लावून बसली होती. ऊन लागलं असणार. रांगेतल्या मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. अनोळखी माणसंही आज प्रेमळ.

दुपारी ४.३०

जावयासारखा वागतोय. आण्णांची चटई झटकली. चपला पायाशी ठेवल्या. दाजी म्हणाले, मी सहा वर्षांत तुझ्या वडिलांची एकदाही चप्पल उचलली नाही, मला का अडचणीत आणतोस?

दुपारी ४.५०

सर्वनाश.

ती खोली नंबर सहाशी आली. म्हणाली, पाणी शांत असलं की या तळ्यावर बोललेलं काठावर शेजारी बोलल्यासारखं ऐकू येतं, म्हणून तर नाववाल्याकडे भोंगा नाही. सगळं ऐकलं. मी ऐकलं, वहिनीने ऐकलं, आइस्क्रीमवाल्याने आइस्क्रीम द्यायचं थांबवून ऐकलं. साऱ्या काठावर ज्याने ऐकलं नाही असा एकच माणूस, तुझ्या शेजारी बसला होता. त्याचे कान वहिनीच्या पर्समध्ये होते.

मी खाली वाळूकडे बघितलं. वाळूत जायला वाट नव्हती.

मग ती हसली. टिंगलीचं नाही, खरं. म्हणाली, सगळ्यात काय आवडलं सांगू? पोहता येत नाही म्हणालास ते. लग्नापासून थापा मारत होतास, आज पहिल्यांदा खरं बोललास. आता आण्णांनी मशीन घातलंय. सहाच्या आत तेच त्यांना परत सांग. सगळं नको. नुसतं कॉलेजचं सांग. तेवढं जमलं तर बाकीचं मी घरी बोलते, आजच.

सत्तर मिनिटं. एक वाक्य. सहा शब्दसुद्धा नाहीत. किरकोळ काम.

संध्याकाळी ५.१०

आण्णा चहा पिताहेत. गरम चहाच्या वेळी धक्का देऊ नये.

संध्याकाळी ५.२५

आण्णा दाजींशी बोलताहेत. मधे बोलणं बरं दिसत नाही. ती लांबून बघते आहे. मी अंगठा दाखवला. तिने घड्याळ दाखवलं.

संध्याकाळी ५.४०

नाववाला नावा साखळीला बांधतोय. जाता जाता म्हणाला, काय दादा, सांगितलंत का? मी म्हणालो, तुम्हाला काय करायचंय! तो म्हणाला, मला कशाला, मी तर दुपारीच ऐकलंय.

आण्णा बाकावर एकटे. कानात मशीन. आता उठतो.

संध्याकाळी ६.२५, बसमध्ये, सगळ्यात मागची सीट

शेजारी जाऊन बसलो. घसा साफ केला. आण्णा, मला तुमच्याशी बोलायचंय, म्हणालो. ते पूर्ण वळून बसले. मशीनचं बटण फिरवून आवाज वाढवला. इतकं नीट मला आजवर कोणी ऐकायला घेतलं नव्हतं. म्हणाले, बोल बाळा. कॉलेज कसं चाललंय?

मी म्हणालो, फर्स्ट क्लास.

पुढे का बोलत गेलो कळत नाही. उद्यापासून परीक्षा आहे म्हणालो. पहिला पेपर दहाला. ड्रॉइंगचे सर माझ्यावर फार खूश असतात, असंही म्हणालो.

मागे ती उभी होती. हातात आइस्क्रीमचे दोन कोन. एक आण्णांना दिला. दुसरा बहुधा माझा होता. तो तिने स्वतःच खायला घेतला. म्हणाली, चला, बस लागली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी सुचलं असतं.

बसमध्ये चढताना एवढंच म्हणाली, पोहायला मात्र शीक.

एका दृष्टीने बघितलं तर तिने नाही म्हटलेलं नाही.

११ मे, सोमवार, सकाळी ९.४५, कॉलेजच्या गेटशी

तिची गाडी आठला गेली. मी स्टेशनवर जाणार होतो. चप्पल घालून दारात उभाही होतो. तेवढ्यात आण्णांचा फोन : पोरीला बसवून दिलं की तसाच तुझ्याकडे येतो, परीक्षेच्या दिवशी बस-रिक्षाचा भरवसा नाही, तयार राहा.

आले. स्कूटरवर मागे बसवून आणलं. वाटेत नवं पेन घेऊन दिलं. परीक्षा संपेपर्यंत रोज सोडणार म्हणाले. किती पेपर, विचारलं. घाबरून नऊ म्हणालो.

आता ते गेटबाहेर स्कूटर बंद करून उभे आहेत. तू आत गेल्याशिवाय हलणार नाही म्हणाले. वॉचमन आय-कार्ड मागतोय. मी बॅग चाचपतोय आणि मधे मधे हे लिहितोय. आण्णांना वाटत असेल, शेवटची उजळणी चालली आहे.

वॉचमनने माझ्याकडे निरखून बघितलं. म्हणाला, तू खिडकीवाला ना रे?

आण्णा दहा पावलांवर. मशीन कानात. रस्त्यावर गाडी नाही, वारा नाही. नुसतं हळू बोललो तरी ऐकू जाईल.

त्यांनी हात हलवला. मीही हलवला.

उद्या सांगतो. उद्याही तेच सोडायला येणार आहेत.