कोल्ह्यांसाठी रांग

५ मार्च, गुरुवार
उद्या ‘राज्यविस्तार’ सुरू होतोय. ऑनलाइन खेळ. कल्पना चिमीची. नोकरीसाठी परगावी गेल्यापासून तिचं-माझं फोनवरचं बोलणं दोन वाक्यांत आटपतं, म्हणून म्हणाली, बाबा, आपण दोघं मिळून काहीतरी खेळू. त्यासाठी तिने ऑफिसातून मंगळवारपर्यंत रजा काढली आहे. मी म्हटलं, दमशील माझ्यामागे धावताना. अठ्ठावीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आहे. रिटायर झालो म्हणून दम गेलेला नाही.
संकल्प: चिमीला सांभाळून घेणे. फार पुढे न जाणे.

६ मार्च, शुक्रवार
दहाला खेळ उघडला. स्क्रीनवर आलं, ‘आपल्यापुढे एकोणीस हजार जण आहेत.’ आत जायला रांग! कंपनीत कुणीतरी शिस्तीचा माणूस असणार. बरं वाटलं.
खुर्ची सोडली नाही. हिने जेवण टेबलावर आणून दिलं आणि विचारलं, समोर नुसता आकडा दिसतोय तर तुम्ही नेमकं काय खेळताय?
चार वाजता नंबर लागला. त्याच वेळी मी बाथरूममध्ये. परत येतो तो ‘आपण हजर नव्हता’. आता पुढे बावीस हजार.
नियम योग्यच आहे. मीही हजेरीला असंच करायचो.

७ मार्च, शनिवार
आत शिरलो! सगळ्यांची सुरुवात उगवतीच्या गावात. सगळ्यांना एकच तपकिरी सदरा, एकच तलवार. गाव म्हणे सुंदर आहे. माणसांमुळे जमीन दिसली नाही. गावप्रमुखाला कोल्ह्यांच्या पाच शेपट्या नेऊन दिल्या की गावाची वेस उघडते, पुढे पूल, पुलापलीकडे चिमी. ती कालच निसटली.
गावप्रमुखही दिसत नाही. त्याच्या डोक्यावर आठ-दहा जण नाचत होते. बिळातून एक कोल्हा डोकं काढतो, दोनशे जण तुटून पडतात, कोल्हा खलास. शाळा सुटल्यावर पाण्याच्या नळावर हेच व्हायचं.
आजच्या शेपट्या: शून्य. कारण गर्दी.
चिमी फोनवर म्हणाली, बाबा, मागच्या टेकडीकडे जा, तिथे कुणी फिरकत नाही. म्हटलं, आडवाटेने जायची आपल्याला सवय नाही.

८ मार्च, रविवार
ह्या लोकांना नेता नाही, हे खरं दुखणं. सकाळीच बिळापाशी उभा राहिलो आणि एका बोटाने टाइप केलं: ‘एका रांगेत उभे राहा.’ कुणी ऐकलं नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा. अकराच्या सुमारास एक जण येऊन समोर उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा. जेवायच्या वेळेपर्यंत रांग विहिरीला वळसा घालून गेली!
उंचीप्रमाणे उभं करायचा विचार होता, पण सगळे सारख्याच उंचीचे.
रांगेबाहेरचे लोक कोल्हे मारतच होते. मात्र रांग मोडली नाही. मी स्वतः रांगेत नाही. कॅप्टनने शेवटी जेवायचं असतं.
एकच गालबोट. हिरवं पीस लावलेली एक तिरंदाज मुलगी मधूनच थेट माझ्याकडे धावत आली आणि समोर उड्या मारायला लागली. तिला मागे पाठवली. परत आली. ‘शिस्त घरी शिकवली नाही का?’ असं लिहून पुन्हा मागे पाठवली. मग दिसली नाही.
असली मुलं मी लांबून ओळखतो.

९ मार्च, सोमवार
चिमीचा फोन. हिरवं पीस तिचं होतं. मला न्यायला पूल ओलांडून परत आली होती म्हणे. मला कोल्हे मारून देणार होती.
मी समजावून सांगितलं, की स्वतःच्या मुलीला पुढे घेतलं असतं तर बाकीच्यांनी काय म्हटलं असतं? ती म्हणाली, बाबा, शाळेतसुद्धा तुम्ही मला सगळ्यांत मागे उभं करायचात. म्हटलं, म्हणून तर कुणी बोट दाखवलं नाही. तिने लगेच उद्याचा विषय काढला. बहुधा पटलं.
उद्या तिच्या रजेचा शेवटचा दिवस. पाच वाजता पुलावर भेटायचं ठरलं. शब्द दिला आहे.

१० मार्च, मंगळवार
तीनला निघणारच होतो. तेवढ्यात रांगेच्या शेपटाला नाच सुरू झाला. नाच एकदा पसरला की आवरत नाही, हा स्नेहसंमेलनांचा अनुभव. थांबावं लागलं. एवढी माणसं वाऱ्यावर सोडून जाणं माझ्या स्वभावात नाही.
शिवाय वेस उघडायला शेपट्या लागतात. तो तांत्रिक मुद्दा.
रात्री हिच्याकडून कळलं, चिमी सात वाजेपर्यंत पुलावर थांबली होती. ही एवढंच बोलली आणि ताटं उचलून आत गेली. बायकांना जबाबदारी म्हणजे काय ते कळत नाही.

१३ मार्च, शुक्रवार
रांग आटोक्यात. आज फक्त अकरा जण. जे काम कंपनीला जमलं नाही ते झालं. कंपनीला पत्र लिहून कळवावं काय? नको, आपण कशाला मिरवायचं.
चिमीचा फोन नाही. ऑफिसात काम साचलं असेल.

१४ मार्च, शनिवार
रांगेतल्या पहिल्याने विचारलं, ‘काका, घोडा कधी देणार?’
कसला घोडा? चौकशी केली. एकाच जागी उभा, एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो, म्हणून ह्या मंडळींनी मला खेळातलंच पात्र समजलं होतं. कंपनीने बसवलेलं. रांग संपली की हा घोडा देतो अशी गावभर बातमी होती. एक जण कालपासून उभा होता.
मी माणूस आहे असं सांगितलं. विश्वास बसायला वेळ लागला. मग सगळे गेले. दोघांनी जाताना लाथ मारली. लागत नाही, पण दिसते.
तसं बघितलं तर हा गौरवच. आवाजात अधिकार असल्याशिवाय असा गैरसमज होत नाही.

१५ मार्च, रविवार. दुपार
गावात कोणी नाही. पहिल्यांदाच जमीन दिसली. हिरवळ आहे, विहिरीपाशी फुलं आहेत. कोल्हे खुशाल हिंडतायत. पाच शेपट्या म्हणजे पाच मिनिटांचं काम.
एकाकडे गेलो. त्याने मला मारलं.
पुन्हा गेलो. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून.
चिमीला फोन लावला. म्हटलं, आता मोकळं आहे, ये पुलावर. ती म्हणाली, बाबा, मी तो खेळ बुधवारीच काढून टाकला. मी म्हटलं, असं का. ती म्हणाली, परत टाकू का? मी म्हटलं, तुझी मर्जी. ती म्हणाली, माझी नाही, तुमची विचारतेय.
मी म्हटलं, थांब, आईला देतो.
ही बाजारात गेली होती.
फोन हातातच. पलीकडे चिमीही फोन ठेवत नव्हती. स्क्रीनवर कोल्हा माझ्याभोवती फिरत होता. शेवटी खोकलो आणि तिला विचारलं, तलवार कुठल्या बटणाने निघते?