शेवटचे चार आकडे

मंगळवार, ४ मार्च

नोंदी झटकन सापडाव्यात म्हणून मी संगणकात इंडेक्स लावला, तरी काही फरक नाही! दवाखान्याच्या फोनच्या टेबलावर आजही तेच — माझी मैत्रीण चिमणी पेशंटचा फोन नंबर टाकते आणि पडद्यावर चक्र फिरत राहतं. पलीकडून लोक वैतागतात. टेबलावर दोघी, पण शेजारच्या नव्या मुलीला सोडून साहेबांनी तिलाच सुनावलं, "बाई, तक्रारी थांबल्या नाहीत तर हे टेबल बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू."

दोष मशीनचा, बोलणी तिला. शाळेत सात वर्षं एका बाकावर बसलो आम्ही. नवरा गेल्यापासून तिचं घर या पगारावर चालतं.

बुधवार, ५ मार्च

इंडेक्स दोनदा तपासला, चूक सापडेना. नुसती उठते, बसते.

गुरुवार, ६ मार्च

आज तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"आजोबा, फोनचे शेवटचे चार आकडे सांगा हं." प्रत्येकाला हेच.

"पूर्ण नंबर का नाही घेत गं?"

"म्हातारी माणसं मधेच अडखळतात. शेवटचे चार मात्र पाठ असतात. तुला संगणक कळतो बाई, माणसं मला विचार."

आणि माझा इंडेक्स बसलाय पहिल्या आकड्यापासून! शेवटचे चार दिले की त्याचा उपयोग शून्य. मशीन एकेक नोंद उलगडत बसणार. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी जाडजूड डिक्शनरीत शब्द शोधायला शिकवलं — आधी पहिलं अक्षर, मग दुसरं. शेवटच्या अक्षरावरून शोध म्हणाल्या असत्या, तर मी अजून त्याच वर्गात असते. त्यांच्या खडूचा वास आठवला उगाच.

शुक्रवार, ७ मार्च

सगळे नंबर उलटे करून वेगळ्या रकान्यात ठेवले. इंडेक्स त्या रकान्यावर. चिमणीनं टाकलेले आकडेही आता आतल्या आत उलटे होतात. म्हणजे तिचे शेवटचे, ते मशीनचे पहिले.

तिनं बटण दाबलं, नोंद क्षणात उघडली, आणि तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "हा पेशंट तू आधीच उघडून ठेवला होतास ना?"

सोमवार, १० मार्च

एकही तक्रार नाही. तरी मन थाऱ्यावर नाही. का कोण जाणे.

बुधवार, १२ मार्च

साहेब खुशीत. "कमाल केलीत! फोन झटपट संपतात. टेबलावर आता दोघी कशाला? नवी मुलगी एकटी सांभाळेल."

गुरुवार, १३ मार्च

जिन्यात चिमणीनं मला थांबवलं. खालच्या पायरीकडे बघत म्हणाली, "तो इंडेक्स काढून टाकता येतो का गं?"

येतो. एका ओळीचं काम आहे.