उन्हात पाहिलेला लॅपटॉप

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू बाबांना विचारतेस, म्हणून हे पत्र. रंगाच्या कारखान्यातल्या यंत्रांनी तुझे कान नेले, पण डोळे शाबूत ठेवले, आणि या वेळी मला तुझे डोळेच हवेत.

काम मिळतंय. मिळालं असं म्हणत नाही, नाहीतर बाबा लगेच कागद दाखव म्हणतील. जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या एक आर्किटेक्ट मॅडम आहेत. त्या चार महिने गावोगाव हिंडून जुने रंगवलेले दरवाजे नोंदवणार आहेत, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी मूळ रंग कोणता होता यावर भांडणं नकोत. त्यांना फोटो काढणारा माणूस हवाय. दिवसभर फोटो, संध्याकाळी ते लॅपटॉपवर नीट करून पाठवायचे. परीक्षा म्हणून इथलेच बारा दरवाजे टिपून त्यांचे छापील फोटो ३१ तारखेच्या आत द्यायचेत. रंग दरवाज्याशी जुळले तर काम माझं. नाही जुळले तर बाबांना दिलेला शब्द पाळून १ फेब्रुवारीला पुन्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या बाकावर. त्या बाकावर मी बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

माझा जुना लॅपटॉप एक फोटो उघडायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात खऱ्या दरवाज्याला दुसरा हात मारून होईल. तेव्हा नवा घेणं आलं. तीन दुकानं पालथी घातली. प्रत्येक यंत्रावर हात ठेवून विक्रेता म्हणतो की हे सगळ्याला चालतं. मी त्याला म्हणालो की सगळ्याला चालणारी वस्तू कशालाच धड चालत नाही, तर त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. मला तो गेम खेळणाऱ्यांसाठीचा आवडलाय. सतरा इंची पडदा, बटणांखाली लाल दिवे, पंखा सुरू झाला की खोली उडून जाईल असं वाटतं.

मी जिथे प्रिंट काढतो त्या लॅबमधली मुलगी म्हणाली की चौदा इंची घे, हलका घे, चकाकता पडदा नको. तिला काय कळतं असं म्हणणार होतो, पण तिला कळतं. करडा एप्रन घालते. प्रिंट हातात घेताना फक्त कडांना धरते. कानामागे पेन्सिल असते आणि ती शोधत टेबलभर फिरते. बाकी तिच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

लगेच उत्तर पाठव.

तुझा,
बाबांच्या मते वाया गेलेला भाचा


९ जानेवारी

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ज्या मुलीविषयी लिहिण्यासारखं काही नाही तिच्यावर तू अख्खा परिच्छेद खर्चलास आणि लॅपटॉपच्या वजनावर एक शब्द नाही. ठीक आहे, वय आहे.

आधी सतरा इंचांचं बघू. दप्तरात सात जाडी पुस्तकं भर, पाठीवर घे आणि तुमचा तीन मजल्यांचा जिना दहा वेळा चढ-उतर कर. कुठेही न थांबता झालं तर खुशाल तो लाल दिव्यांचा नांगर विकत घे. चार महिने बस बदलणार आहेस, ओझं तुलाच उचलायचंय. प्लग प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही, तेव्हा बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे. रोजची कामं म्हणशील तर तिकीट काढणं, पत्र टंकणं, सिनेमा बघणं, एवढ्याला कुठलाही चालेल, त्यावर डोकं शिणवू नकोस. फोटोंसाठी मात्र रॅम भरपूर घे. हे मी शेजारच्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मास्तरांना विचारून लिहितेय, मनचं नाही.

आता मनचं लिहिते. एकतीस वर्षं मी कारखान्याच्या शेड खोलीत, म्हणजे रंगाच्या छटा ठरवायच्या खोलीत, रंग जुळवले. दिव्याखाली रंग कधी ठरवू नये. पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावायचा आणि खिडकीत नेऊन बघायचा, हा आमचा नेम. दिव्याखाली जुळलेला रंग गिऱ्हाइकाच्या भिंतीवर जाऊन तोंडघशी पाडतो. तेव्हा दुकानातले लॅपटॉपही दाराबाहेर उजेडात ने. उन्हात जो टिकेल तो खरा. काम करतानाही उजेडात बस.

दादा तुझ्याबद्दल म्हणत होता की पोराचं डोकं चांगलं आहे, फक्त त्याला झाकण नाही. हे त्याने कौतुकानं म्हटलं असं मी धरून चालते, तूही तसंच धर.

जेवणखाण वेळेवर कर. माया आहेच, पण उत्तर आलं की ती जरा जास्त असते.

तुझी आत्या


१७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जिना केला. चौथ्या फेरीला दुसऱ्या मजल्यावर बसलो, तेव्हा तिथल्या काकूंनी विचारलं की किल्ली हरवली का. सतरा इंच रद्द.

मग १२ तारखेला चौदा इंची तीन लॅपटॉप दुकानाबाहेर फुटपाथवर नेले. विक्रेता मागून वायरी धरून धावत होता आणि असं आजवर कुणी केलं नाही म्हणत होता. मी म्हणालो की म्हणूनच लोक फसतात. उन्हात लॅबवालीने सुचवला तसा बिनचकाकीचा लॅपटॉप ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखा दिसला. दुसरा निम्मा विझला. तिसरा मात्र असा लखलखला की रस्त्यावरचे दोघे थांबले. पातळ, हलका, सोळा जीबी रॅम, बॅटरी नऊ तास. घेऊन टाकला. पंधरा दिवसांत बदलून देऊ असं विक्रेता सांगत होता, मी म्हटलं गरज पडणार नाही.

बारा दरवाजे आधीच टिपून ठेवले होते. चार दिवस गच्चीवर बसून ते नीट केले. उन्हात दिसावं म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला, डोक्यावरून पडद्यापर्यंत टॉवेल ओढून घेतला आणि एकेक रंग दरवाज्यासारखा होईपर्यंत जागचा हललो नाही. तो पडदा आणि तुझी एकतीस वर्षं, दोन्ही माझ्या बाजूनं आहेत. मला काळजी नाही.

आज फाइली लॅबमध्ये दिल्या. तिने विचारलं की रंग कुठे बसून ठरवलेस. गच्चीवर, उन्हात, असं मी ऐटीत सांगितलं. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात लग्नाचे फोटो काढणारा एकजण आला. तो रोज येतो आणि काउंटरवर कोपर टेकून उभा राहतो. काउंटर त्याच्या कोपरासाठी बांधलेला नाही. मी निघून आलो.

प्रिंट २० ला मिळतील. बाबांना सांग की बाक दुसऱ्या कुणाला द्या.

तुझाच


२१ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लॅबने घात केला. बाराच्या बारा प्रिंट काळवंडलेल्या. पिवळा दरवाजा मोहरीच्या तेलासारखा, निळा तर शाईत बुडवून काढलेला. लॅपटॉपवर तेच फोटो अजूनही लखलखीत आहेत, मी तिथल्या तिथे उघडून पाहिले.

कोपरवाला शेजारीच होता. तो हसला आणि म्हणाला की संध्याकाळचे दरवाजे चांगले आलेत. मग माझंही सुटलं. मी तिला म्हणालो की तुझं यंत्र बिघडलंय, एकतर तुला दिसत नाही किंवा दिसून फरक पडत नाही. दुकानात पाच-सहा माणसं होती. तिने आवाज चढवला नाही. प्रिंट कडांना धरून एकावर एक रचल्या, पाकिटात घातल्या आणि एवढंच म्हणाली की उद्या लॅपटॉप घेऊन ये, मी वेळ काढते. मी म्हणालो की गरज नाही.

दुसरी लॅब शोधतोय. दहा दिवस आहेत, पुष्कळ झाले. मी बरोबर आहे. दुपारपासून भूक नाही, ते वेगळं.

तुझाच


२३ जानेवारी

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

दुसरी लॅब शोधू नकोस. यंत्र तिचं बिघडलेलं नाही, सल्ला माझा बिघडलेला होता.

तुझं पत्र वाचून मी मोबाईलवर तुझा लहानपणीचा फोटो उघडला आणि उन्हात गॅलरीत गेले. काही दिसेना, म्हणून उजेड पूर्ण वाढवला. मग तशीच आत आले, तर डोळे दिपले आणि फोटोत तुझा चेहरा पांढराफटक. तेव्हा ट्यूब पेटली. पत्र्यावरचा रंग बाहेरून उजेड घेतो, म्हणून त्याला खिडकीत न्यायचं. तुझा पडदा म्हणजे स्वतःच दिवा. दिवा उन्हात नेऊन त्याचा रंग जोखायला मी तुला सांगितलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी याबद्दल हाकललं असतं आणि ते योग्य झालं असतं. तू उजेड वाढवलास, वर टॉवेलचा अंधार केलास, फोटो डोळ्यांना भगभगीत वाटले, म्हणून ते गडद करत गेलास. कागदाला तुझा दिवा कुठला, त्याने जेवढं गडद दिलंस तेवढं छापलं.

ही चूक माझी. पण ती तू पाच माणसांसमोर एका पोरीच्या माथी मारलीस, ती तुझी. तिला हे सगळं पहिल्या दिवशीच कळलं असणार. तू ऐकायला थांबला नाहीस.

लॅपटॉपचे पंधरा दिवस २७ ला संपतात. पत्र मिळेल त्या दिवशी तिच्याकडे जा. फोनवर माफी मागू नकोस, फोनवर सगळेच गरीब वाटतात.

दादाला मी काही सांगितलेलं नाही. जेवून जा.

तुझी आत्या


२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे बसमधून लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र २५ ला मिळालं. तसाच लॅबमध्ये गेलो. कोपरवाला होताच. बरंच झालं, ज्या आवाजात ओरडलो होतो त्याच आवाजात माफी मागितली, त्यालाही नीट ऐकू गेली. तिने विचारलं की लॅपटॉपची बॅटरी नऊ तास टिकते म्हणतोस, तुझा राग किती टिकतो. मी खरं ते सांगितलं, की तुमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत, पुढे नुसती लाज. ती हसली नाही, पण आत ये म्हणाली.

आत्या, तिची आतली खोली तुझ्या शेड खोलीची बहीण असावी. भिंती करड्या, उजेड मंद आणि ठरलेला. तिने प्रिंट दिव्याखाली ठेवली, शेजारी माझा लॅपटॉप, आणि पडद्याचा उजेड एक तृतीयांशावर आणला. पडद्यावरचा दरवाजा प्रिंटइतकाच काळवंडला. यंत्र खरं बोलत होतं. तांबडा रंग मात्र पडद्यावर तरीही पेटलेलाच, तो त्या पडद्याचा स्वभाव. बघणाऱ्याला खूश करतो, काम करणाऱ्याला फसवतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बदलून आणला. ती पुसलेली पाटीच घेतली. विक्रेता एका शब्दानं टोचून बोलला नाही, ते जास्त लागलं. या यंत्रात कॅमेऱ्याचं कार्ड थेट आत जातं, वजन सव्वा किलो, मांडीवर बसतं आणि खिडकीची तिरीप आली तरी पडद्यात माझंच तोंड दिसत नाही. लॅबच्या आतल्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दोन दुपारी बारा दरवाजे पहिल्यापासून केले.

३० ला मॅडमनी मला सोबत घेऊन बाराही दरवाजे पायी हिंडून पाहिले. प्रत्येकाशी प्रिंट धरून उभ्या राहायच्या, मग पुढच्याकडे निघायच्या. हिरव्या दरवाज्याशी अडल्या. हा असा का, म्हणून विचारलं. कॅमेऱ्याचं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हणालो की शेवटचा होता, मी घाई केली. त्यांनी प्रिंट मला परत दिली आणि अकरा पिशवीत घातल्या. हिरवा प्रवासात पुन्हा करायचा, म्हणाल्या, आणि २ तारखेला सकाळी सातची बस. ती ही बस.

बाबा स्टँडपर्यंत आले. कॉलेजचं नाव काढलं नाही. चार्जर घेतलास का, एवढंच दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी पिशवी उघडून दाखवला.

तिला सांगायला काल लॅबमध्ये गेलो होतो. रोज संध्याकाळचे फोटो तिच्याचकडे छापायला जाणार आहेत, मॅडमनी तिची लॅब ठरवली. मी म्हणालो की चार महिने रोज माझी चूक शोधायला तुला मिळेल. ती म्हणाली की आधी लॅपटॉप दे. मग कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडून तिने उजेड वाढवायच्या बटणावर लावला, नखाने कडा दाबल्या आणि म्हणाली की भर उन्हात असशील, रागात असशील, तरी ही काढायची नाही.

आता खिडकीशी बसलोय. ऊन थेट मांडीवरच्या लॅपटॉपवर आलंय आणि पडद्यावरचा हिरवा दरवाजा अगदी अंधुक दिसतोय. दिसू दे. सावली येईपर्यंत थांबेन.

अशीच रागवत राहा आणि लिहीत राहा.

तुझाच