बिनतिरफळांचा बांगडा

आये, आता मी तुझ्यापेक्षा म्हातारी झाले, तेव्हा आज जरा तोंड वर करून बोलणार आहे. अक्षर नातीचं आहे. मी मालवणीत सांगते, ती शुद्ध करून लिहिते आणि मधे मधे हसते.

लग्नाच्या आदल्या दिवशी चुलीपुढे तू मला शिकवलंस, "घोवाचो राग इलो तर तोंडान बोलू नको गो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळां घालू नको. समजतलो तो." बाबांना समजत असेल. तुझ्या जावयाला चव कळते की नाही, हे तू बघितलं होतंस का? जन्मभर भांडण झालं की माझं बांगड्याचं कालवण बिनतिरफळांचं, त्या झणझणीत मसाल्याविना. आणि हे मुकाट जेवून दुसऱ्या दिवशी कट्टा गावच्या बाजारातून तिरफळांची पुडी आणून चुलीपाशी ठेवायचे. मला वाटायचं, खिजवतात.

यंदा यांनी घर बंद करून मुलाकडे पुण्याला जायचं परस्पर ठरवलं. दाराला भलंमोठं कुलूपही आणलं. आठवडाभर माझा बांगडा बिनतिरफळांचा आणि फडताळात पुड्यांची रास. कसालला एक बाई नवराबायकोला बोलायला शिकवतात. नात आणि नातजावई त्यांच्याकडे जातात, तिने आम्हालाही नेलं. बोलायला काय शिकायचं? मी हसतच गेले.

बाईंचा नियम एकच. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं तसंच परत सांगायचं, मगच उत्तर. मी म्हटलं, "माका न इचारता ठरवलात. माका माझा घर सोडूचा नाय. रागान तिरफळां घालूक नाय, तरी तुमका कळाक नाय."

हे म्हणाले, "ही म्हणता, पुण्याक गरम होता."

"आजोबा, त्या असं म्हणाल्या नाहीत," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला यांना जमलं, आणि म्हणता म्हणताच हे थांबले. "रागान? माका वाटला, तिरफळां सरली. म्हणान पुडी हाडलंय."

आये, मी इथे धुमसत बसायची आणि हा माणूस माझ्यासाठी उन्हातून बाजाराला जायचा! बाईंसमोर मी पदरात तोंड घालून हसले, थोडी रडलेही. पुण्याला जायचं रद्द झालं. ते कुलूप आता कोंबड्यांच्या खुराड्याला आहे.

काल बांगड्याला तिरफळं नव्हती. पहिल्याच घासाला यांनी ताट सरकवलं. "काय झाला गो? तोंडान सांग." मी ऐसपैस बसले आणि गुडघ्यापासून शेजारणीपर्यंत सगळं सांगितलं. यांनी ते सगळं परत म्हणून दाखवलं.

नात विचारते, "आज्ये, चिठ्ठी खंय धाडू?" खंय धाडतलंस? ठेव तांदळाच्या डब्यात, आणि आजोबांना वाचून दाखवू नको. काल मला राग आलाच नव्हता. तिरफळं घालायला विसरले होते.