लाल घड्याळ आणि भातलावणी

मंगळवार, संध्याकाळ

पाय नुसते ठणकतायत. विद्यापीठातल्या आमच्या स्टुडिओने केलेला भातलावणीचा खेळ आज नवापूरकडच्या डोंगरातल्या शाळेत मुलांना दिला. टॅबवर आपापली ओळ लावायची, रोपं मोजायची आणि पडद्यावरच्या लाल घड्याळातली वेळ संपायच्या आत पुढच्या शेतात जायचं. सगळी मुलं हरली.

मोजणी चुकली म्हणून नव्हे. सुमित्रा नावाच्या मुलीची ओळ सर्वांत आधी झाली, तर ती शेजारणीच्या टॅबवर रोपं लावायला लागली. मी म्हटलं, "अगं, पुढे जा ना!" "हिची ओळ राहिलीय, बाई. एकटी कशी जाऊ?" बाकीच्यांनीही तेच केलं आणि वेळ संपली.

खरंच, लावणीत इतरांच्या ओळी राहिल्या असताना बांधावर एकटं कोण चढतं? हे आम्हाला कुणालाच कसं सुचलं नाही? मलाही?

येताना गाडीत आमचा प्रोग्रॅमर राकेश म्हणाला, "मॅडम, गेम बरोबर शे. पोरंच थांबी ऱ्हायनात. घड्याळ जोरमा वाजाडू, मंग पळतीन." म्हणजे खेळ बरोबरच, मुलंच थांबतायत; घड्याळ मोठ्याने वाजवलं की पळतील. खेळ परवा कुलगुरूंना दाखवायचाय. मी नुसतं 'हं' म्हटलं. थकले होते म्हणून? की सोपं होतं म्हणून?

निघताना सुमित्राने त्या लाल घड्याळावर बोट ठेवून विचारलं होतं, "बाई, याला एवढी कसली घाई?"

मी म्हटलं, "नंतर सांगते हं, उशीर होतोय."