मेसमधले दोन खांब

४ जून

तीर्थस्वरूप मामास,
भाचीचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या वसतिगृहाला यंदा चाळीस वर्षं होतात. विद्यापीठ पुस्तिका काढतंय आणि तिच्यातला इतिहास माझ्या गळ्यात पडलाय. या इमारतीचे नकाशे तुझ्या हातचे, असं आई परवा बोलून गेली. असा कसा रे तू, कधी बोलला नाहीस?

उघडं काँक्रीट, भिंतभर खिडक्या, आणि दोनशे मुली जेवतात त्या मेसमध्ये एकही खांब नाही. पाहुणे माना वर करून बघत राहतात. माझी खोली बरोबर तिच्यावर. महिनाभर माझं दार नीट लागत नाही. वॉर्डनबाई म्हणतात, लाकूड फुगलंय. जमिनीला चीर गेलीय. तिच्या टोकाला मी पेन्सिलीने खुणा करते. आठवड्यात वीतभर सरकली. येत्या चौदाला समारंभासाठी स्वयंपाकघराची भिंत पाडून मेस मोठी करणार आहेत. तुला एखादी गंमत आठवत असेल तर कळव.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी,
बबडी

१० जून

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दुपारी मिळालं, ताटावरून उठलो. टपालाला उशीर होईल म्हणून हे बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. त्या खोलीत झोपू नकोस. आणि ती भिंत कुणाला पाडू देऊ नकोस.

मेसमध्ये दोन खांब होते, कागदावर. आर्किटेक्ट साहेबांच्या ते डोळ्यात खुपत होते. त्यांनी मला ते काढायला लावले. छत पेलणारा बीम मात्र तेवढ्याच जाडीचा ठेवला. एवढ्या लांबीला तो पुरेल का, असं मी एकदाच विचारलं. "तू रेघा ओढ, इमारत मी उभी करतो," म्हणाले. नोकरी नवी होती, तुझ्या मामीला सातवा महिना. मी ब्लेडने शाई खरवडली आणि डाग दिसू नये म्हणून वर नख घासलं. तुला तिथे पोचवायला आलो नाही, पाय दुखतो म्हणालो. पाय ठणठणीत होता.

हे पत्र वॉर्डनबाईंना दाखव. माझी लाज राखत बसू नकोस. जिवाला जप.

मामा

१२ जून

ती. मामास, सा. न.

वॉर्डनबाई आधी हसल्या. मग ब्लेडची ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि उठल्याच. तासाभरात सगळ्या मुली गाद्या घेऊन मैदानावर आल्या. इंजिनिअरने दोरी लावून पाहिलं. बीम मधे चार बोटं खाली आलाय, आणि इतके दिवस तो टेकलाय त्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर. परवा ती पाडणार होते. आता खाली लोखंडी टेकू लावलेत. हे ऐकल्यापासून साध्या रस्त्यावरही मी पाऊल चाचपून टाकते.

चौकशी बसलीय. तुझं पत्र फायलीत गेलं. तुला काही करतील का रे? पुस्तिकेचे संपादक म्हणतात, हे पान गाळ. खांब नेमके कुठे होते ते इंजिनिअरला हवंय, पण मूळ नकाशा सापडत नाही.

हेही त्याच ड्रायव्हरच्या हाती देतेय, लवकर लिही. जीव टांगणीला लागलाय.

बबडी

१३ जून

चि. बबडीस,
आशीर्वाद.

पान गाळू नकोस. माझं नाव घाल, ब्लेडसकट. पुढे जे व्हायचं ते होईल.

उद्या सकाळच्या बसने येतोय. नकाशा नसला तरी दोन्ही जागा मला इंचाइंचाने पाठ आहेत. भीती वाटते, तुझ्यापासून काय लपवू. मेसच्या दारात थबकलो तर हात धरून आत ने. जागा मी सांगेन, खूण तू कर.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

मामा