सामाईक ड्रायव्हरमधला माझा अर्धा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा तसबिरींना चौकटी करून देणे, नात्याने या घरची धाकटी सून, पूर्ण शुद्धीवर, जेवून झाल्यावर आणि चष्मा लावून, कोणीही हात न पिरगाळता, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाले, काळजीचे काही कारण नाही. त्यांना नसेल. झडप माझी आहे, म्हणून हा कागद.

यापूर्वी मी एकदाच मृत्युपत्र केले होते. ते घरच्यांवर रागावून केले होते आणि त्यात सगळे काही मांजराला ठेवले होते. मांजर माझ्याआधी गेले, सबब ते मृत्युपत्र आपोआप रद्द झाले असे समजावे.

कलम १. घर. तळमजल्यावरचे दुकान आणि त्यामागच्या दोन खोल्या माझ्या वाट्याच्या. वरचा मजला माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. आमचे दोघींचे यजमान सख्खे भाऊ. दोघेही आता नाहीत. जिना सामाईक आहे आणि जिन्यातला दिवा कोणी बंद करायचा हा वादही सामाईक आहे. माझा वाटा माझ्या मुलाला जावा. दुकानात खिडकीशी एक खुर्ची आहे, तिच्यावर थोरल्या जाऊबाई रोज येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांना कुठल्या फोटोत कोण जाड दिसते ते सांगतात. त्यामुळे गिऱ्हाईक जाते. तरी ती खुर्ची हलवायची नाही. ही अट नव्हे, मुलाला तंबी आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी, पण सुनेची निम्मी वेगळ्या खात्यात. मुलगा वडिलांवर गेला आहे. दिसली वस्तू की घेतली, आणि मग ती कशासाठी घेतली ते घरच्यांनी शोधून काढायचे.

कलम ३. हत्यारे. कोनात कापायची करवत, पकडी, पट्ट्या आणि काच कापायची हिरकणी ही सगळी दुकानात कामाला असलेल्या कारागीर मुलीला द्यावीत. ती माझ्या हाताखाली तयार झाली आहे. हात चांगला आहे, पण तिला ‘साधारण’ हा शब्द फार आवडतो. साधारण कापलेल्या चौकटीचे चारही कोपरे एकमेकांवर रुसून बसतात. हिरकणी देताना हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ४. समोरचे दातांचे डॉक्टर. यांनी स्वतःचे एक भलेमोठे तैलचित्र सोनेरी चौकटीत घालायला दिले, त्याला आता किती वर्षे झाली ते मी मोजणे सोडले आहे. न्यायला आलेच नाहीत. मी रोज दुपारी त्यांच्या हसऱ्या दातांसमोर बसून जेवते. माझ्या पश्चात ते चित्र त्यांच्या दवाखान्यात, जिथे पेशंट तोंड उघडून पडतात तिथे नेमके समोर, माझ्या खर्चाने लावून द्यावे. खिळेसुद्धा माझ्याकडून.

कलम ५. ड्रायव्हर.

हे कलम लांब होणार आहे. वकीलबाईंनी कंटाळा करू नये.

ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सर्वांत लांब काठी; पहिला, दूरचा फटका तिने मारतात. आमच्या यजमानांना गोल्फचा नाद होता. दर रविवारी दोघे भाऊ गावाबाहेरच्या मैदानावर जात आणि दुपारी अंगभर कुसळे घेऊन परत येत. हे तिथे नेमके करतात तरी काय, हे बघायला आम्ही दोघी एकदा न सांगता गेलो. दोघेही झुडपात शिरून एकच चेंडू शोधत होते. थोरल्या जाऊबाई तेव्हा हॉस्पिटलात मेट्रन होत्या. त्यांनी भावजींच्या हातची काठी काढून घेतली, चेंडू ठेवला आणि एकच ठेवून दिली. चेंडू सरळ गेला. वर्षभरात आम्ही खेळत होतो आणि यजमान आमच्या पिशव्या उचलत होते.

पुढे आम्ही दोघींनी मिळून एक ड्रायव्हर घेतला. दुकानदाराने विचारले, कोणासाठी हवा? दोघी एकदम म्हणालो, माझ्यासाठी. तिथून सुरुवात झाली. काठी पुरुषांच्या मापाची, साडेपंचेचाळीस इंची. थोरल्या म्हणाल्या, मी उंच आहे, मला हीच बरोबर. लांब काठी लांब फेकते. मी त्यांच्या कानापर्यंत येते. मी म्हणाले, माझ्या हातात हा बांबू वाटतो, तीन इंच कापा. थोरल्या म्हणाल्या, कापलेला दांडा परत वाढत नाही. हे मात्र खरे होते. चौकटीवालीला कोणी सांगायला नको.

महिनाभर खल झाला. जावाजावा उभा दावा म्हणतात, पण आमचा दावा उभा नव्हता, तो किती उभा असावा याचाच होता. शेवटी यजमानांनी तोडगा काढला: मधले माप. दीड इंच कापायचा, चव्वेचाळीसवर थांबायचे, पुन्हा विषय काढायचा नाही. मी माझ्याच टेबलावर मुठीकडच्या टोकाला तो कापला. दांडा आखूड झाला तसे काठीचे डोके हातात हलके लागू लागले, म्हणून मागे शिशाची पट्टी चिकटवली. कापलेला तुकडा थोरल्यांनी पुरावा म्हणून ताब्यात घेतला. तो त्यांच्याकडेच राहावा.

विषय पुन्हा काढायचा नव्हता, तो तीस वर्षे दर रविवारी निघाला. त्यांचा चेंडू उजवीकडे झाडीत गेला की कारण काठी आखूड. माझा चेंडू पायाशी घरंगळला की कारण काठी लांब. नाचता येईना अंगण वाकडे. आमचे अंगण ती काठी होती. दोघींनाही आपापला नवा ड्रायव्हर घेणे परवडत होते. पण जी घेईल ती हरली, असे दोघींनाही वाटत होते.

आता जे लिहिते ते थोरल्या जाऊबाईंना माझ्यामागेच कळावे.

गेल्या महिन्यात कारागीर मुलीने आम्हा दोघींचा फोटो काढला. दुकानाच्या भिंतीला पाठ लावून, हात सरळ खाली सोडून, कारण हाताची घडी पुढाऱ्यांनी घालायची असे थोरल्यांचे मत आहे. फोटोला चौकट करताना मी त्यावर पट्टी आडवी ठेवली आणि तशीच बसून राहिले. थोरल्यांचे डोके माझ्या वर, खांदे वर, कोपर वर. पण मनगटे? दोघींची मनगटे पट्टीच्या एकाच कडेवर. त्यांचे हात लांब आहेत, माझे आखूड. उंचीत जेवढा फरक, तेवढा हातांनी खाऊन टाकलेला.

मग मी चौकशी केली. मैदानावर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, काठीचे माप मुख्यतः मनगटापासून जमिनीपर्यंतच्या अंतरावरून काढतात, नुसत्या उंचीवरून नव्हे. साहजिकच आहे. काठी डोक्याने धरत नाहीत, हाताने धरतात. आमच्या मनगटांना चव्वेचाळीस अगदी बरोबर, असेही त्या म्हणाल्या. तरी माझी खात्री होईना. पुढच्या रविवारी मी काठीच्या तोंडावर गुपचूप पावडर लावली, म्हणजे चेंडू कुठे लागतो त्याचा ठसा उठतो. थोरल्यांना सांगितले की गंज धरू नये म्हणून आहे. त्यांचे ठसे मधोमध. माझेही मधोमध, एक सोडला तर, आणि त्या वेळी मला शिंक आली होती.

थोडक्यात, तीस वर्षे ती काठी आम्हा दोघींच्याही मापाची होती. वाकडे जात होते ते आमचे फटके, आमच्या कर्तृत्वाने.

हे मी थोरल्यांना सांगितले नाही. का नाही सांगितले, तेही लिहून ठेवते. भावजी गेले त्या वर्षी थोरल्या अंथरुणाला लागल्या. दुखत काही नव्हते. उठत नव्हत्या, बोलत नव्हत्या, ताट तसेच परत येत होते. डॉक्टर झाले, मुलगा-सून झाले, कोणाचे काही चालले नाही. एका सकाळी मी जिन्यात उभी राहून ओरडले की, मी आत्ता काठी माझ्या मापाने कापते आहे. त्या गाऊनवर खाली आल्या आणि माझ्या हातातली करवत हिसकावून घेतली. त्या रविवारी आम्ही मैदानावर होतो. तेव्हापासून मी त्या काठीबद्दल एकदाही नमते घेतलेले नाही.

माझी भीती झडपेची नाही. मी परत आले नाही तर त्या पुन्हा झोपतील आणि या खेपेला जिन्यातून ओरडायला कोणी नसेल, ही माझी भीती आहे.

सबब, सदर ड्रायव्हरमधला माझा अर्धा हिस्सा, शिशाच्या पट्टीसह, मी थोरल्या जाऊबाईंना देते. अट एकच: दर रविवारी मैदानावर जावे. काठी कापू नये, वाढवू नये. माझ्यामागे भांडायला माणूस नसेल, तर निदान काठी बरोबर आहे एवढे तरी त्यांना माहीत असावे.

कलम ६. माझा फोटो भिंतीवर लावायचाच असेल तर चौकट तयार आहे, टेबलाखाली कापडात गुंडाळून ठेवली आहे. बाजारातून प्लास्टिकची आणली तर मी खाली पडेन.

मृत्युपत्र इथे संपले होते. पण सह्यांच्या वेळी जे घडले त्यामुळे पुढचा मजकूर वाढवणे भाग आहे.

साक्षीदार म्हणून मी कारागीर मुलीला आणि दातांच्या डॉक्टरांना बोलावले होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. झाला, तर त्याला ठेवलेली वस्तू त्याला मिळत नाही. कारागीर मुलीने हिरकणीकडे पाहिले आणि पेन खाली ठेवले. दातांच्या डॉक्टरांना काय मिळते आहे ते सांगितल्यावर त्यांनी पेन मागून घेतले आणि इतक्या लगबगीने सही केली की शाई फुटली. ते चित्र त्यांच्या पत्नीने हौसेने काढवून घेतले होते असे आज कळले. कलम ४ अशा रीतीने वाया गेले. ते दात माझ्याच नशिबी राहिले.

दुसरा साक्षीदार कुठून आणायचा याची चर्चा चालू असताना थोरल्या जाऊबाई जिना उतरून आल्या. जिन्यातला दिवा त्यांनी बंद केला नाही. “मी करते सही,” म्हणाल्या. वकीलबाईंनी चाचरत सांगितले की त्यांचेही नाव आत आहे. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, असेही सांगितले. पण न वाचता कुठल्याही कागदावर सही न केलेल्या मेट्रनला हे सांगून काय उपयोग? कागद त्यांनी ओढून घेतला. त्या आपल्या खुर्चीत बसून वाचू लागल्या आणि मी काच पुसू लागले. ती काच आधीच पुसलेली होती.

त्यांनी शेवटचे पान वाचले, मग मागे जाऊन कलम ५ पुन्हा वाचले. मग चष्मा काढला.

“पावडर लावलीस तू?”

मी म्हणाले, “हो ताई.”

“आणि मला म्हणालीस गंज.”

मी काच उलटी करून दुसऱ्या बाजूने पुसायला घेतली. वकीलबाईंनी मध्ये पडून पुन्हा समजावले की सही केलीत तर काठीतला अर्धा हिस्सा तुम्हाला मिळणार नाही, कलम निष्फळ होईल, नीट विचार करा.

थोरल्या म्हणाल्या, “वकीलबाई, ही गेल्यावर मिळालेली काठी घेऊन मी कुणाबरोबर खेळू? मला नको ती. हिची अर्धी हिच्याच नावावर राहू दे. ती आपल्या हाताने दुसऱ्याला देऊन मोकळी होणार असेल, तर मी होऊ द्यायची नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला तू हवी आहेस, धाकटे. काठी आहेच माझ्याकडे, अर्धी.”

लग्न होऊन या घरात आले त्याला उभा जन्म लोटला. इतके सरळ वाक्य त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. मला फार बरे वाटले, आणि ते इथे नोंदवून ठेवते.

तरी कळवण्यात येते की कलम ४ व ५ साक्षीदारांच्या करणीमुळे निष्फळ झाले असून, डॉक्टरांचे चित्र आजही माझ्याच भिंतीवर आणि ड्रायव्हरमधला अर्धा हिस्सा माझ्याच मालकीचा आहे. बाकीची कलमे कायम. यात जे लिहिले ते मी वाचले, ते माझेच आहे, आणि यापुढे खाडाखोड करायची झाल्यास ती मीच करीन.

स्थळ: दुकानामागची खोली, कापायचे टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, दुपार.

सही: (धाकटी सून, मृत्युपत्र करणार)

साक्षीदार पहिले: (दातांचे डॉक्टर) बाई शुद्धीवर आहेत. दातही ठीक आहेत.

साक्षीदार दुसरे: (थोरली सून, निवृत्त मेट्रन) मजकूर वाचला. कलम ५ मधले माप अमान्य. फोटोवरून माप घेत नाहीत. रुग्ण ऑपरेशनला योग्य. टाके भरून आल्यावर दोघींना मैदानावर शेजारी उभे करून मनगटापासून जमिनीपर्यंत समक्ष मोजायचे आहे. तोपर्यंत हे मृत्युपत्र अमलात आणण्यास माझी सक्त मनाई आहे.